नोलिंग शिकलो तो हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की अभनपूरकडून येणारा वारा बदलतो. नोकरीसाठी मी रोज नव्या रायपूरला जाते. तिथले रस्ते रुंद, मोकळे, बस तुरळक, आणि वर्षभर तिथे कशाला म्हणून वास नसतो. पण धान कापायला लागले की एखाद्या सकाळी गाडीच्या काचेतून तो आत येतो. पेंढ्याचा वास. जरा ओलसर, जरा गोड, दुधात तांदूळ शिजत ठेवल्यासारखा. मी काच पूर्ण खाली करते. शेजारी बसलेली माझी लेक ईशा ओढणी कानाशी घेत म्हणते, "मम्मी, ठंड लग रही है." मी म्हणते, "लागू दे थोडी."

ती हिंदीत, मी मराठीत. आमच्या घरात हे असंच चालतं. वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. माझी मराठी वऱ्हाडातून निघाली आणि रायपुरात येईपर्यंत तिला हिंदीची सवय लागली. ईशाला सगळं समजतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की तिच्या तोंडून हिंदीच येते.

धानाच्या वासानं इतरांना काय आठवत असेल ते असो. मला एक भाषा आठवते. तिचं नाव नोलिंग.

आमच्या शेजारी मीना राहते. मूळ नाव फिलोमीना, पण पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळे मीना दीदीच म्हणतात. तिचा नवरा अमरावतीकडचा, रेल्वेत आहे. मीना रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईची. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे समुद्रात शिरलेली एक लांब टेकडी आहे, टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि पायथ्याशी तिचं गाव. तीसेक वर्षं आमची भिंतीला भिंत. ह्या वर्षांत मी तिच्या हातचे मासे खाल्ले, नाताळचा केक खाल्ला, तिच्याशी भांडले, तिच्या बाळंतपणात रात्रीचा डबा पोचवला. पण तिच्या घरी लहानपणी मराठी बोलत नसत, वेगळंच काही बोलत, हे मला माहीतच नव्हतं. ते कळलं तिच्या मुलीचं, रियाचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात.

रियाचा नवरा अभनपूरजवळच्या गावातला. छत्तीसगढी ख्रिस्ती घर, चांगली धानाची शेती, मुलगा रायपुरात हिशेबनीस. मुलाची आई दुलारी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आवाज एवढा की शेताच्या ह्या टोकाहून त्या टोकाला बोलायला फोन लागत नाही. तिनं एकच अट घातली होती: लग्न मिंजाईनंतर. म्हणजे धानाची मळणी झाल्यावर. त्याआधी तिला कोणी बोलवायचं नाही.

आणि लग्नासाठी कोर्लईहून इनास मावशी आली.

मीनाची आई लवकर गेली. ह्या मावशीनं तिला वाढवलं. बारीक चणीची, पाठीत ताठ, फुलाफुलांचा झगा, त्यावर पुतण्याचं जुनं स्वेटर. स्टेशनवर तिला आणायला मी मीनाबरोबर गेले होते. तिच्याजवळ कपड्यांची छोटी पिशवी होती आणि एक भलं मोठं पोतं. पोत्यात नारळ, वाल आणि सुकट. अख्खा डबा त्या वासानं हैराण झाला असणार. हमालानं नाकावर रुमाल धरला तेव्हा मावशी त्याला मराठीत म्हणाली, "नाक कशाला धरतोस बाबा, तोंड उघड. मूठभर जवळा भाजून घातला ना, तर माझ्यामागून गावाला येशील." तो काही समजला नाही, पण हसला.

रिक्षात बसल्यावर ती मीनाशी एकदम दुसऱ्याच भाषेत बोलायला लागली. भराभर, लाटेसारखी वरखाली होणारी. एखादा शब्द ओळखीचा वाटे, पण हातात येईपर्यंत निसटून जाई. मीनानं खिडकीबाहेर बघत मराठीत उत्तर दिलं, "हो मावशी, सगळं झालं आहे." मावशी पुन्हा त्या भाषेत. मीना पुन्हा मराठीत.

"हे काय बोलून राहिल्या तुम्ही?" मी विचारलं.

"नोलिंग," मावशी म्हणाली. "म्हणजे आमची बोली. पोर्तुगीज सोडून गेले, ही राहिली. ह्या बायला विचार, ही का विसरली ते."

"विसरलीच आहे मी," मीना म्हणाली. "खरंच. बोलायलाच जमत नाही आता."

संध्याकाळी पाऱ्यातल्या बायकांना मी भाषेचं नाव सांगितलं, तेव्हा काहींनी पदर तोंडाला लावला. मावशीला मजाच वाटली. "हसा, हसा," ती म्हणाली. "आमच्या गावात पाद्री नवीन आला की तोही पहिल्यांदा हसतो."

तिच्याकडून मी कोर्लईचा इतिहास ऐकला तो सगळा गच्चीवर, उन्हात बसून, वाटाणे सोलता सोलता. किल्ला बांधायला शिपाई आले. समुद्रापलीकडून आलेले, बायकापोरं मागे ठेवलेले. इथल्या बायकांशी त्यांची लग्नं लागली. त्या बायका घरात मराठी बोलत, नवरे पोर्तुगीज, आणि चुलीपाशी दोन्हीचं मिळून तिसरंच काही शिजलं. मग मराठ्यांनी किल्ला घेतला. गोरे साहेब गलबतात बसून गेले. ज्यांची शेतं होती, चुली होत्या, ते टेकडीखालीच राहिले. चहूकडे मराठी, एका बाजूला पाणी. मध्ये एवढंसं गाव आपलं बोलत बसलं.

"तुमच्याच लोकांनी घेतला किल्ला," ती मला म्हणाली, वाटाण्याची शेंग माझ्याकडे रोखून.

"मावशी, आम्ही वर्ध्याचे. आमचा काय संबंध?"

"मराठी बोलतेस ना? मग झालं."

मी हसले, पण ते डोक्यात घोळत राहिलं. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, त्याला इतिहासाची आवड आहे. तो म्हणाला, "अगं, कोकणात ते चाललं होतं ना, साधारण त्याच सुमारास नागपूरकरांची फौज इकडे छत्तीसगढात उतरली." मी चहाचा कप हातात घेऊन उभीच राहिले. म्हणजे एकाच काळात मराठी घोडे तिकडे एका भाषेला एकटं पाडून गेले आणि इकडे एक भाषा घेऊन आले. पुढे नागपूरकरही गेले. इंग्रज आले, तेही गेले. आणि रायपुरात आम्ही आहोत, गणपतीत आरती म्हणणारे, पोरांना "काहून?" विचारणारे, आणि "क्यों क्या?" असं उत्तर ऐकणारे. टेकडीखालचं गाव मला अचानक फार जवळचं वाटलं.

दुलारीला भेटायला आम्ही अभनपूरकडे गेलो ते मिंजाईच्या ऐन दिवसांत. बियाऱ्यात, म्हणजे त्यांच्या खळ्यात, धानाची रास पडली होती, तिच्या कडेनं कोंबड्या फिरत होत्या. दुलारीला मराठी येत नाही. मावशीला हिंदी येत नाही. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि मी दुभाषी म्हणून पुढे सरणार तेवढ्यात मावशी वाकली. तिनं मूठभर धान उचललं, एक दाणा दाताखाली फोडला, चघळला, आणि दुलारीकडे बघून मान हलवली. मग दोन बोटं हवेत जरा पसरून विचारलं, किती उंच वाढतं? दुलारीनं स्वतःच्या कमरेला हात लावला. मावशीनं स्वतःच्या छातीला लावला. आमचं एवढं वाढतं.

"झूठ!" दुलारी ओरडली.

"समुद्राच्या लोकांची भातशेती असते?" मी मावशीला विचारलं.

"म्हणजे काय! आम्ही नुसते मासे खातो असं वाटलं का तुला? आम्ही शेतकरी माणसं. मासे विकत घेतो गो." तिला राग आल्यासारखं झालं, मग आला नाही. दुपारभर त्या दोघी राशीपाशी बसून होत्या. दोघी बोलत होत्या, आपापल्या भाषेत, आणि कोणी थांबत नव्हतं. निघताना दुलारीनं मावशीच्या ओटीत नवे तांदूळ घातले आणि मला म्हणाली, "बने समधिन मिलिस." चांगली विहीण मिळाली.

मग एका सकाळी कोर्लईहून फोन आला.

गाण्याचं होतं ते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला नारळाचं दूध लावतात, आणि तेव्हा बायका नोलिंगमध्ये गातात. एक ओळ एकीनं म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मावशीबरोबर गाणाऱ्या दोघी मागून येणार होत्या. त्यातली एक शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. दुसरी तिची जाऊ. ती तिला सोडून कशी येणार?

मावशी पायरीवर बसून राहिली. चहा निवला. मी शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, "एकटीनं गायची गाणी नाहीत ती. मी विचारणार आणि कोणी बोलणार नाही. भिंतीला विचारू?"

"मीना आहे ना."

"तिला विचार." आणि तोंड फिरवलं.

मी मीनाला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच तिनं सांगितलं, पहिल्यांदाच. नवी लग्न होऊन आली तेव्हा ती कोपऱ्यावरच्या बूथवरून मावशीला फोन करायची. काचेच्या खोक्यात उभी राहून नोलिंग बोलायची. एकदा बाहेर रांगेत उभे असलेले लोक हसायला लागले. "कौन देश की है ये?" कोणीतरी म्हणालं. वाईट मनानं नसेलही. पण तिनं फोन ठेवला, आणि पुढच्या वेळी मावशीशी मराठीत बोलली. त्यानंतर दर वेळी. "ओठांवर येते गं," मीना म्हणाली. "पण बाहेर काढायची लाज वाटते आता. पंचवीस वर्षांनी कुठल्या तोंडानं?"

लग्न दहा-बारा दिवसांवर. मला काही सुचेना, म्हणून मी जे सुचलं ते बोलले. मावशीला म्हटलं, "मले शिकवा."

"तुला?"

"मले. पाऱ्यातल्या बायकांना. उत्तरच तर द्यायचं आहे ना?"

"ही शिकवायची गाणी नाहीत. ऐकून येतात."

"मग ऐकवा."

ती उठली. गच्चीवर निघून गेली. मी मागोमाग गेले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर घर बांधत होते. एक बाई वर शिडीवर, एक खाली, सिमेंट वर चाललं होतं. वरची ओरडली, "घमेला दे!" खालची म्हणाली, "हव!"

मावशी कठड्याला धरून उभी राहिली. "काय म्हणाली ती?"

"घमेला."

"तो आमचा शब्द!" ती म्हणाली. "पोर्तुगीजांचा. इथे कसा आला?"

मला तरी काय माहीत. पण मग आम्ही शोधायलाच लागलो. गवंड्याला इथे मिस्त्री म्हणतात, तोही समुद्रावरूनच आलेला निघाला. चावी निघाली. पगार निघाला. परात, पाव, काजू, पपई, कोबी, केसांची फीत, दाराची बिजागरी. नाताळ तर होताच. प्रत्येक शब्दाला मावशी टाळी वाजवत होती. आवाज ऐकून शेजारच्या गच्चीवरून साहूबाई आल्या, पिठाच्या हातानं मीना वर आली. "बघ गो," मावशी मला म्हणाली, "किल्ला घेतलात, आणि घरात सगळं आमचंच ठेवलंत." इतक्या जोरात हसली की खालून मिस्त्रीनं वर बघितलं. आणि त्याच हसण्यात, श्वास घ्यायलाही न थांबता, तिनं पहिली ओळ गायली. गाऊन झाल्यावर माझ्याकडे बोट केलं. बोल.

मी बोलले ते काय होतं देव जाणे. मावशी कठड्यावर डोकं ठेवून हसली. पण पुन्हा गायली.

ते दिवस आठवले की मला अजून उन्हाची ऊब लागते. मी ऑफिसातून आले की गच्चीवर. साहूबाई बोरं वाळवायच्या निमित्तानं, मीनाची धाकटी जाऊ मेथी निवडायच्या निमित्तानं. बाजारहाट करायला अभनपूरहून आलेली दुलारी एकदा येऊन बसली, आणि मग रोज बाजार करायला लागली. तिचा सूर सगळ्यात पक्का. शब्द मात्र ती आपल्या मर्जीनं वळवायची. शेवटी एक छत्तीसगढी हेल हटकून जोडायची, आणि मावशीनं दोन दिवस दुरुस्त करून पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःच तो हेल उचलला. मीना वर यायची, चहा ठेवायची, खाली जायची. ईशा मोबाईलमधून मान वर काढून म्हणाली, "मम्मी, ये कौन सी लैंग्वेज है? कूल है." मी म्हटलं, "बस इथे." बसली. माझ्यापेक्षा लवकर शिकली. स्वतःच्या आईची भाषा बोलायला लाजणारी पोट्टी कोर्लईची भाषा बिनधास्त गात होती. आनंद झाला की उगाच टोकू नये.

फक्त एक कडवं मावशीनं शिकवलं नाही. "ते सोडून देऊ," म्हणाली. "त्याचं उत्तर नवरीची आईच देते."

ती संध्याकाळ आली. अंगणात मांडव, पिवळे दिवे. गल्लीत छेरछेऱ्याची, त्या पौषातल्या सणाची, पोरं धान मागत फिरून नुकतीच गेली होती, दारात थोडे दाणे सांडलेले होते. रिया पाटावर बसली. मावशीच्या पोत्यातले नारळ दुपारीच खवले होते, पातेलंभर दूध काढलं होतं. दुलारीनं हट्टानं हळद आणली होती, कारण हळदीशिवाय लग्न तिला मान्य नव्हतं. आधी दूध की आधी हळद ह्यावर दोघींची खाणाखुणांनी झकास वादावादी झाली आणि शेवटी मावशीनं हळद उचलून सरळ दुधात कालवली. रिया ओरडली, "नानी! मैं पीली हो जाऊँगी!" "हो, हो," मावशी म्हणाली, आणि पहिली ओंजळ तिच्या डोक्यावर घातली.

मग गाणं. मावशी विचारायची, आम्ही उत्तर द्यायचो. वर्ध्याची मी, बिलासपूरच्या साहूबाई, अभनपूरची दुलारी, रायपूरची ईशा. उच्चारांची धूळधाण. पण आवाज भरून येत होता. मांडवाबाहेर पुरुष गप्पा थांबवून उभे राहिले. मावशीचे डोळे मिटलेले, हात ताल धरून मांडीवर. एक कडवं संपलं, दुसरं. आणि मग तिनं एक ओळ गायली जी आम्हाला येत नव्हती.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ओघात आली की मुद्दाम म्हटली, मला आजवर कळलेलं नाही. तिनं डोळे उघडले आणि मांडीवरचा हात थांबवला. कोणाकडे बघितलं नाही. नुसती थांबली.

मीना दुधाचं भांडं धरून उभी होती. तिचे ओठ हलले. मग तिनं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि गायली.

आवाज पहिल्यांदा खरखरीत आला, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या नळासारखा. दुसऱ्या ओळीला साफ झाला. शब्दावर शब्द येत होते, कुठे अडत नव्हते. रिया पाटावरून मान वर करून आईकडे बघत राहिली, गालावरून पिवळं दूध ओघळत होतं. मावशीनं पुढची ओळ विचारली, मीनानं तिचंही उत्तर दिलं. मग त्या दोघीच गात राहिल्या. साहूबाई रडत होत्या. मी रडत होते. दुलारी तर लुगड्याच्या पदरात तोंड घालून हुंदके देत होती.

गाणं संपलं. शेवटी दुलारीनं नाक पुसून मला विचारलं, "दीदी, ए गाना के मतलब का हे?"

मी मावशीला विचारलं. मावशीनं गंभीरपणे सांगितलं. "मी विचारलं, मुलीबरोबर सासरी काय पाठवतेस? ही म्हणाली, काय पाठवू? माझी पोर मासे साफ करायला बसली की अर्धे मांजराला घालते. तेव्हा तुमचं मांजर आता गुबगुबीत होणार."

मी ते दुलारीला सांगितलं. आणि मग मांडव हादरला. दुलारी हसत हसत खालीच बसली, साहूबाईंना ठसका लागला, रिया "मम्मी, आपने ये गाया?" म्हणत आईच्या अंगावर ओल्या अंगानंच पडली. मीना हसत होती आणि रडतही होती, आणि मला वाटतं तिला स्वतःलाही त्यातलं कुठलं थांबवावं ते कळत नव्हतं.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षं झाली. मीना हल्ली मावशीशी फोनवर अंगणात उभी राहून बोलते, आणि अशा आवाजात की पाऱ्याला कळावं. मला त्यातलं थोडं समजतं, बरंच समजत नाही. कान तयार होत आहेत. परवा ईशानं मला "काहून?" असं विचारलं, चुकून असेल. मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला.

यंदा दुलारीचं धान लवकर आटोपलं. मावशीनं बोलावलं होतं, म्हणून ती मीनाबरोबर कोर्लईला गेली. तिनं कधी समुद्र पाहिला नव्हता. काल दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आजूबाजूला प्रचंड वारा, आणि वाऱ्याच्या वर तिचा आवाज. ती किल्ल्यावर चढली होती.

"दिसला का समुद्र?" मी विचारलं.

ती बोलली, हळू. दुलारी हळू बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

"दीदी," ती म्हणाली, "अतेक बड़ खार, अउ एको ठन मेड़ नइ हे."

एवढं मोठं शेत, आणि कुठे एकही बांध नाही.